आत्ता द्यायला जागा नाही अशा कॅन्डिडेटशी संबंध कसा टिकवायचा? नागपूरवाले रिक्रूटर, एचआर, कॅन्डिडेट सगळ्यांनी सांगा

मनीषनगर_रिक्रूटर:

नमस्कार मंडळी. नागपुरात एका छोट्या प्लेसमेंट कन्सल्टन्सीत काम करते. बुटीबोरी अन हिंगणा एमआयडीसीतल्या कंपन्यांसाठी प्रॉडक्शन, मेन्टेनन्स, क्वालिटीची माणसं शोधून देतो, मिहान अन परसोडीच्या आयटी पार्कातल्या एकदोन टीमचं पण काम अधूनमधून येत असते. प्रश्न जरा लांब आहे, पण खूप दिवसांपासून डोक्यात आहे म्हणून सविस्तर लिहून राहिली.

एक जागा निघाली की आम्ही ढीगभर लोकांशी बोलतो, लागतो त्यातला एक. तो जॉइन झाला की फाइल क्लोज, बिल गेलं, पुढची जागा. पण बाकीचे जे असतात ना, त्यातले कितीतरी खरंच चांगले असतात, फक्त त्या जागेला बसले नाही. अन त्यातही एक गट नागपुरात खूप मोठा आहे, म्हणजे पुणे, हैदराबाद, बंगलोरला सेटल झालेले आपले लोक, जे फोनवर पहिल्या दोन मिनिटांत सांगतात की ताई नागपुरात काही निघालं तर नक्की कळवा, आई-बाबा एकटे आहेत, किंवा बेसा रोडला घर बांधून पडलं आहे, पगार थोडा कमी असला तरी चालेल. आज माझ्याजवळ त्यांच्यालायक काहीच नसते. दीड-दोन वर्षांनी एखादी जागा निघते, मी फोन लावते, तर तोवर त्यांना इतक्या कन्सल्टन्सीवाल्यांचे फोन येऊन गेलेले असतात की मी कोण हे सांगण्यातच पाच मिनिटं जातात, अन ते एखाद्या अनोळखी माणसाशी बोलावं तसंच बोलतात.

मला हे बदलायचं आहे. पोर्टलवर नाव शोधून फोन लावणं कोणीही करते, पण ओळख टिकवणं हे मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटते, त्यासाठीच तर या लाइनमध्ये आली.

तर विचारायचं हे की द्यायला काही नसताना बोलायचं काय? किती दिवसांनी? दसरा-दिवाळीचे फॉरवर्ड मेसेज तर कोणी उघडून पण पाहत नाही. अन दुसरं, ज्याला मी लावून दिलं त्याच्याशी नंतर किती बोलावं, कारण क्लायंटसोबतच्या अॅग्रीमेंटमध्ये लिहिलं असते की त्यांच्याकडची माणसं आम्ही फोडून दुसरीकडे न्यायची नाही, मग त्याच माणसानं उद्या फोन करून म्हटलं की ताई दुसरीकडे बघा माझ्यासाठी, तर? ऑफिसात फक्त क्लोजर, म्हणजे किती जागा भरल्या, एवढंच मोजतात त्यामुळे तिथं कोणाला विचारायची सोय नाही. अनुभव सांगा, कॅन्डिडेट लोकांनी तर जरूरच सांगा.


बुटीबोरी_प्लांट_एचआर:

ताई, विषय चांगला काढला. मी कंपनीच्या बाजूचा माणूस आहे, बरीच वर्षं बुटीबोरीत काढली, कन्सल्टन्सीवाले अन कॅन्डिडेट दोघंही जवळून पाहिले.

मला विचाराल तर दोन वर्षांनी फोन उचलल्यावर तो माणूस कसा बोलेल हे पहिल्या पंधरा दिवसांतच ठरून जाते. तुम्ही त्याला "नाही" कसं कळवलं यावर. आपल्याकडे सरसकट पद्धत अशी आहे की सिलेक्ट झाला तर फोन, नाही झाला तर काहीच नाही. पोरगा बिचारा आठवडाभर मोबाइल जवळ घेऊन झोपते. अन तुम्ही म्हणाल क्लायंट फीडबॅकच देत नाही तर आम्ही काय सांगू. बरोबर आहे, आम्ही एचआरवाले पण देत नाही लवकर. पण तेवढं तरी सांगता येते ना की भाऊ, अजून कंपनीकडून उत्तर नाही आलं, मी परत विचारलं आहे, शुक्रवारी तुला काय ते सांगते. अन मग शुक्रवारी उत्तर नसलं तरी फोन करणे. ज्या दिवशी म्हटलं त्या दिवशी. बस एवढ्यानं माणूस तुम्हाला लक्षात ठेवते, कारण बाकी कोणीच करत नाही.

अन नाही सांगताना एक कारण तरी नेमकं सांगा. "तुमचं प्रोफाइल मॅच नाही झालं" हे वाक्य ऐकून ऐकून लोक कंटाळले आहेत. आमच्याकडे एक मेन्टेनन्सचा पोरगा आला होता, इलेक्ट्रिकल चांगलं होतं पण पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर, स्वतः हात चालवलेला नव्हता, फक्त लॉजिक वाचता येत होतं. कन्सल्टन्सीच्या मॅडमनं माझ्याकडून हे खोदून काढलं अन त्याला जसंच्या तसं सांगितलं, की बाकी सगळं आवडलं, प्रोग्रॅम अपलोड-डाउनलोड करून फॉल्ट शोधायला सांगितला तिथं अडकला. त्यानं ते शिकून घेतलं. नंतर आमच्याकडेच दुसऱ्या लाइनवर जागा निघाली तेव्हा त्याच मॅडमनं त्याला आणलं अन तो लागला. आता तो त्यांच्याकडे स्वतःहून माणसं पाठवते.

दुसरी गोष्ट, पैशाचं अन गाडीचं खरं सांगणे. इथं सगळ्यात जास्त विश्वास तुटते. कॅन्डिडेटला सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, सांगितली जाते, हातात किती येईल हे कोणी मांडून देत नाही. सीटीसीत कंपनीचा पीएफ धरला आहे का, पीएफ पूर्ण बेसिकच्या १२ टक्क्यांनी कापणार की १५,००० च्या लिमिटवर १,८०० च, ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के दाखवली आहे का, कारण ती तर कायम कामगाराला सलग पाच वर्षं झाल्याशिवाय हाती येत नाही. प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० अन फेब्रुवारीत ३००. हे सगळं एका कागदावर मांडून व्हॉट्सअॅपवर पाठवलं की तो माणूस तुमचा झाला समजा. मग ऑन रोल, म्हणजे थेट कंपनीच्या पगारावर आहे, की थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे दुसऱ्या एजन्सीच्या, हे ऑफर लेटर आल्यावर कळता कामा नये, पहिल्याच फोनवर कळलं पाहिजे.

पेरोलच्या कटऑफचं तर कोणीच सांगत नाही. बऱ्याच कंपन्यांत वीस-पंचवीस तारखेनंतर जॉइन झाला तर त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात मिळून येते. गोंदिया-गडचिरोलीवरून आलेला पोरगा, खोलीचं डिपॉझिट भरलेलं, मेसचे पैसे भरलेले, त्याला महिन्याच्या शेवटी कळते की पगार अजून एक महिना नाही. तो सोडून नाही जाणार तर काय करेल. अन बस, ताई, बस. बुटीबोरी शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर पडते, मेट्रो दुसऱ्या टप्प्यात तिकडे येणार आहे पण आज तर कंपनीची बसच आहे, ती तुझ्या घराजवळून जाते का, रात्रीच्या शिफ्टला असते का, हे विचारून ठेवा. नंदनवनच्या माणसाला वर्धा रोडवर येऊन बस पकडायची असेल तर त्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होते.

क्लायंट नाराज होईल म्हणून रिक्रूटर हे सांगत नाही. मी क्लायंट म्हणून सांगतो, आम्हाला हे ऐकूनही जो येते तोच माणूस पाहिजे असते.


पुण्यातून_परत:

मी त्या गटातलाच आहे ज्याबद्दल ताई बोलून राहिल्या. हिंजवडीत होतो, आता मिहानमध्ये. परत यायला चार वर्षं प्रयत्न चालू होता, म्हणून कॅन्डिडेटच्या बाजूनं सांगतो.

मला अक्षरशः शेकड्यानं फोन आले असतील त्या काळात. त्यातली एक रिक्रूटर लक्षात राहिली, कारण तिनं पहिल्या फोनवर स्किल विचारायच्या आधी विचारलं की तुम्हाला परत कशासाठी यायचं आहे अन कधीपर्यंत. मी सांगितलं, वडिलांचं वय झालं, मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, बायकोलाही नोकरी सोडून यावं लागेल. तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, सध्या माझ्याकडे तुमच्या लेव्हलचं काहीच नाही, उगाच रेझ्युमे इकडेतिकडे टाकत नाही. मला ते फार बरं वाटलं.

आता यात एक गोष्ट रिक्रूटर लोकांनी समजून घ्यायला पाहिजे. आयटीत नोटीस पिरियड ९० दिवसांचा, बायआउट, म्हणजे पैसे भरून नोटीस कमी करणं, प्रत्येक कंपनी देत नाही. मुलांच्या सीबीएसई शाळा एप्रिलला सुरू होतात, आपल्याकडे स्टेट बोर्डाच्या उन्हामुळे जूनच्या शेवटी. म्हणजे ज्याला मुलं आहेत त्याच्याशी बोलायची खरी वेळ आहे नोव्हेंबर ते जानेवारी. त्या वेळी ऑफर आली तर तो राजीनामा देऊन मार्च-एप्रिलमध्ये सामान हलवू शकतो. तुम्ही त्याला जुलैमध्ये "अर्जंट ओपनिंग, इमिजिएट जॉइनर" म्हणून फोन केला तर तो नाहीच म्हणणार, अन तुम्ही म्हणणार की हे लोक नुसतं बोलतात, यायचं कोणालाच नसते. तिनं मला बरोबर डिसेंबरात फोन केला. जागा नव्हती तेव्हाही. म्हणाली, मुलीच्या शाळेचं या वर्षी काय ठरवताय, म्हणजे मला कळेल की तुमच्यासाठी बघत राहू का पुढच्या वर्षीवर टाकू. असं दोन डिसेंबर झालं. तिसऱ्या वर्षी जागा निघाली.

अजून एक, बायकोचा रेझ्युमे पण तिनं मागून घेतला. माणूस एकटा नाही परत येत, घर परत येते. दोघांपैकी एकाचीच नोकरी जमली तर बरेच लोक तिथंच थांबतात.

अन इंटरव्ह्यू. पहिले राउंड ऑनलाइन अन शेवटचा एकच प्रत्यक्ष, तोही शनिवारी, हे तिनं कंपनीशी बोलून जमवलं. आता अजनी-पुणे वंदे भारत झाली, समृद्धीनं गाडी घेऊन येता येते, तरी पुण्यावरून यायचं म्हणजे एक अख्खा दिवस जायचा अन एक परतायचा. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहाला बोलावून दुपारी चारपर्यंत बसवून ठेवलं की माणूस त्या कंपनीचा अन त्या कन्सल्टन्सीचा, दोघांचाही नाद सोडते. माझ्यासोबत एका ठिकाणी असं झालं आहे, नाव नाही घेत.


डेली_टार्गेट:

वाचायला सगळं छान वाटते पण जरा जमिनीवरचं बोलू. मी पण रिक्रूटर, सदरला ऑफिस. आमची फी वर्षाच्या सीटीसीच्या साधारण ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा सीटीसी, अन त्यातही ९० दिवसांत माणूस सोडून गेला तर फुकट रिप्लेसमेंट. रोजचे इतके कॉल, इतके रेझ्युमे पाठवले, याचा हिशोब संध्याकाळी द्यावा लागते. ज्याच्यासाठी जागाच नाही त्याला डिसेंबरात फोन करून शाळेचं विचारणं हे कोणत्या टार्गेटमध्ये बसते? प्रत्येक नाकारलेल्या माणसाला कारण सांगायला बसलो तर नवीन कॉल कधी करायचे? अन सगळेच कॅन्डिडेट काही साधे नसतात हो. ऑफर घेते, ती दाखवून जुन्या कंपनीत पगार वाढवून घेते, जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. आमचा दोन महिन्यांचा घाम वाया. मग तिथं कोणता संबंध टिकवायचा?


मनीषनगर_रिक्रूटर:

@डेली_टार्गेट दादा, तुमचं म्हणणं मला पटते, माझ्याकडेही तोच हिशोब आहे संध्याकाळी. पण सगळ्यांशी ठेवायचा असं मी म्हणूनच नाही राहिली. ज्याच्याशी बोलताना वाटलं की हा माणूस पुढं लागेल, त्याच्यापुरतं. अन जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद होण्याबद्दल, मला असं दिसून राहिलं की ज्यांच्याशी ऑफर ते जॉइनिंग या मधल्या तीन महिन्यांत आपण बोलत राहतो ते निदान आधी सांगतात तरी की ताई, जुन्या कंपनीनं काउंटर दिलं, पगार वाढवून दिला, मी थांबतो. मग क्लायंटला वेळेवर दुसरा देता येते. राग येतोच, पण जो सांगून थांबला त्याला मी यादीतून काढत नाही.

@पुण्यातून_परत दादा, शाळेचं अन नोटीसचं गणित हे तर मी कधी असं जोडून पाहिलंच नव्हतं. आज जेवढे आहेत तेवढ्यांसमोर मुलाची इयत्ता लिहून काढणार आहे. बरं, काढून न्यायच्या क्लॉजबद्दल कोणी सांगेल का?


आयटीपार्क_टीए:

मी प्रॉडक्ट कंपनीत टॅलेंट अॅक्विझिशन बघते, आधी कन्सल्टन्सीत होते, त्यामुळे दोन्हीकडचं माहीत आहे.

क्लॉजबद्दल आधी. सगळ्यात पहिले तुमच्या अॅग्रीमेंटमध्ये काय शब्द आहेत ते वाचा, नुसतं ऐकीव नको. काही ठिकाणी लिहिलेलं असते की तुम्ही स्वतःहून त्यांच्या माणसाला गाठायचं नाही, अन काही ठिकाणी असते की एका ठराविक मुदतीपर्यंत, बहुतेकदा वर्षभर, तो स्वतः आला तरी दुसरीकडे पाठवायचा नाही. या दोन्हीत खूप फरक आहे. कॅन्डिडेटला स्पष्ट सांगायचं, की भाऊ, या कंपनीसोबत आमचा करार आहे, अमुक तारखेपर्यंत मी तुला दुसरीकडे पाठवू शकत नाही, तू दुसऱ्या कोणाकडून बघितलं तर मला वाईट नाही वाटणार. लोक हे समजून घेतात. पण एक गोष्ट अजिबात करायची नाही, ती म्हणजे तो नोकरी बघून राहिला हे क्लायंटला सांगणे. क्लायंटशी कितीही चांगले संबंध असू द्या. एकदा का ही गोष्ट नागपुरात पसरली की तुम्हाला कोणी काही सांगणार नाही, अन नागपुरात पसरायला दोन दिवस लागतात, इथं प्रत्येकाचा एक जण तरी दुसऱ्याच्या कंपनीत असतेच, नाहीतर एकाच कॉलेजचा निघते.

अन लावून दिलेल्या माणसाशी बोलायला दुसरं भरपूर आहे की. मी तीन वेळा फोन करत होते, पहिल्या दिवशी संध्याकाळी, पहिला पगार पडला त्या आठवड्यात, अन प्रोबेशन संपायच्या महिनाभर आधी. पगाराच्या वेळचा फोन सगळ्यात कामाचा. तेव्हाच कळते की सांगितलेलं अन मिळालेलं जुळते की नाही, अन नाही जुळलं तर तेव्हा एचआरला फोन करून सोडवता येते, नंतर नाही.

यादी कशी ठेवायची म्हटलं तर माझी साधी एक्सेल आहे. नाव-नंबरच्या पुढं मी स्किलपेक्षा जास्त या गोष्टी लिहिते, परत का यायचं, कोणत्या महिन्यात हलू शकते, कोणती गोष्ट असली तर अजिबात येणार नाही, शेवटचं बोलणं कशावर थांबलं, अन मी त्याला काय कबूल केलं. शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा. तो भरलेला असला की द्यायला काही नसताना काय बोलायचं हा प्रश्न पडत नाही, कारण कबूल केलेलं काहीतरी राहिलेलंच असते. कुणाला म्हटलं असते की त्या कंपनीत रोटेशनल शिफ्ट आहे का ते विचारून सांगते, कुणाला पगाराचा अंदाज द्यायचा असते.

एक कायद्याचं पण. २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले अन टप्प्याटप्प्यानं लागू होऊन राहिले. माणसाची माहिती कशासाठी घेतली ते सांगून त्याची संमती पाहिजे, अन त्यानं काढून टाका म्हटलं तर काढावी लागते. तर मुलाची शाळा, वडिलांची तब्येत हे लिहून ठेवताना त्याला विचारा की हे मी माझ्याजवळ लिहून ठेवू का. अन रेझ्युमे कोणत्या कंपनीला पाठवते ते दर वेळी सांगून पाठवा. न विचारता चार ठिकाणी रेझ्युमे टाकणं ही आपल्या लाइनमधली सगळ्यात वाईट सवय आहे. त्याच्याच कंपनीच्या ग्रुपमधल्या दुसऱ्या युनिटला रेझ्युमे गेला अन त्याच्या साहेबानं बोलावून विचारलं, असं माझ्या ओळखीच्या माणसासोबत झालं.

अजून एक, कॅन्डिडेटला आधीच सांगा की मधली तीन-चार महिन्यांची नोकरी लपवू नको. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, एकच असते, पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत सगळं दिसते, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पकडल्या गेलं तर ऑफर रद्द होते. "मला सांग काय झालं होतं, कसं मांडायचं ते आपण बघू" असं म्हणणारी रिक्रूटर त्यानं पहिल्यांदाच पाहिली असते.


हिंगणा_सुपरवायझर:

तुम्ही सगळे इंजिनियर लोकायचं बोलून राहिले, मी आयटीआयवाल्या पोट्ट्यायचं सांगतो. फिटर, वेल्डर, सीएनसी ऑपरेटर. यायले ना लिंक्डइन माहीत ना ईमेल पाहत. नंबर तर वर्षातून दोनदा बदलते, रिचार्ज संपला का दुसरं सिम. तुमची एक्सेल इथं काही कामाची नाही.

मंग संबंध कसा टिकते? त्यायच्या आयटीआयचे मास्तर, खोलीवरचा पार्टनर अन गावाकडचा घरचा एक नंबर. घरचा नंबर कधीच बदलत नाही. आमच्याकडं एक मॅडम येते लेबर द्यायले, ती प्रत्येक पोट्ट्याकडून आईचा नाहीतर बापाचा नंबर घेते अन तेव्हाच फोन लावून सांगते का तुमचा पोरगा इथं कामाले लागला, खोली इथं आहे, जेवन इथं आहे, मी अमुक. घरचे तिले ओळखते. पोरगा कुठंही जावो, नवा नंबर तिले घरून भेटते.

अन दुसरं म्हणजे तिनं आजवर पोट्ट्यायकडून एक रुपया घेतला नाही. आमच्याकडं काम लावून देतो म्हणून पोरायकडून पैसे घेणारे लई आहेत, कोणी फॉर्मचे म्हणते, कोणी ट्रेनिंगचे. ज्यानं पैसे घेतले त्याचा नंबर पोरं ब्लॉक करते. फी कंपनीकडून घ्या न बाप्पा.

अप्रेंटिस असंल तर अप्रेंटिस म्हणूनच सांगा. वर्षभरानं कायम करतीन असं सांगून आणते अन मंग वर्ष संपलं का घरी. पोरगा तर जातेच, त्याच्या गावातले बाकीचे पण येत नाही मंग. एकेका गावातून पाच-सहा पोरं येऊन राहिले आमच्याकडं, एक बिघडला का सगळे बंद.

अन मे महिन्यात दुपारी दोनले वॉक-इन ठेवत जाऊ नका. पंचेचाळीस डिग्रीत गेटवर उभे असते पोरं. सकाळी आठले बोलवा, पाणी ठेवा.


पुन्हा_सुरुवात:

मी कमेंट करत नाही सहसा, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. मी क्वालिटी इंजिनियर होते, मुलगा झाल्यावर पाच वर्षं घरी होते. परत नोकरी शोधायला लागले तेव्हा बहुतेक रिक्रूटर गॅप ऐकला की "कळवतो" म्हणून ठेवून द्यायचे. काहींनी तर दुसरं मूल होऊ देणार आहे का हे फोनवर विचारलं. हे विचारू नका, प्लीज. तुम्हाला वाटते तुम्ही कंपनीचं काम सोपं करून राहिले, पण त्या बाईला तो प्रश्न आयुष्यभर लक्षात राहते अन कोणी विचारला तेही.

ज्यांच्यामुळे लागले त्यांनी वेगळं विचारलं. पाच वर्षांत आयएसओ ऑडिटमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये काय बदललं ते तुम्ही पाहिलं का, नसेल तर मी एकीशी बोलणं करून देते, ती आत्ताच परत आली आहे. तिच्याशी बोलून माझी अर्धी भीती गेली. अन कंपनीत पाळणाघर आहे का हे मी विचारायच्या आधी त्यांनी विचारून ठेवलं होतं. कायद्यानं पन्नास किंवा जास्त लोक असले तर सोय पाहिजे, पण प्रत्यक्षात कुठं आहे अन कुठं नुसती खोली दाखवतात हे रिक्रूटरलाच कळू शकते, आम्ही बाहेरून कुठून माहीत करणार. तुमच्याकडे ही माहिती असली ना ताई, तर बाया स्वतःहून तुमच्या संपर्कात राहतील, तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही.


डेली_टार्गेट:

हे पाळणाघराचं अन बसच्या रूटचं पटलं मला. हे एकदा प्रत्येक क्लायंटकडून विचारून ठेवलं की सगळ्यांनाच सांगता येते, त्याला वेगळा वेळ नाही लागत. बाकी डिसेंबरातले फोन मला आजही जड वाटतात, तुमच्याएवढा धीर आमच्या मालकात नाही. पण निवडून दहा-पंधरा जणांसोबत करून पाहतो.


बुटीबोरी_प्लांट_एचआर:

@डेली_टार्गेट दहा-पंधरा पुष्कळ झाले. अन तुमच्या मालकाला एक सांगा, आमच्याकडे कन्सल्टन्सी बदलायचा विषय निघते तेव्हा मी रेट नाही पाहत, पाठवलेली माणसं किती टिकली ते पाहतो. ९० दिवसांच्या आत जितके पळून जातात त्यातले बहुतेक बस, शिफ्ट अन हातातल्या पगारावरून जातात. ते आधी सांगितलं असतं तर रिप्लेसमेंटचा खर्च तुमचाच वाचला असता.

जॉइनिंगची तारीख धरताना पण थोडं पाहत जा. पितृपक्षात बरेच लोक नवीन काम धरत नाही, अन महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी तर घरात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसाची तारीख दिली अन तो नाही आला तर त्याला दोष देऊ नका, दोन दिवस पुढं घ्या.


मनीषनगर_रिक्रूटर:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कामाचं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी आता एक करून राहिली, आमच्या जेवढ्या क्लायंट कंपन्या आहेत त्या प्रत्येकीचं एक पान बनवते, बसचे थांबे, शिफ्ट, पेरोलचा कटऑफ, ऑन रोल की थर्ड पार्टी, पीएफ कसा कापतात, पाळणाघर. एचआर जे नाही सांगणार ते तिथं लागलेल्या आपल्याच लोकांना विचारेन, त्या निमित्तानं त्यांच्याशी बोलणं पण होईल. अन हिंगण्याच्या दादांनी सांगितलं तसं घरचा नंबर, पण विचारून, आयटीपार्क ताई म्हणाल्या तसं.

@आयटीपार्क_टीए ताई, अॅग्रीमेंट काढून वाचलं. आमच्यात "स्वतःहून गाठणे" एवढंच आहे, मुदत बारा महिने. म्हणजे माणूस आपणहून आला तर मोकळं आहे, पण मी तरी क्लायंटच्या आधी आमच्या मालकाला विचारून घेते, लेखी.


खामला_काकू:

ताई, मी या लाइनमधली नाही, सहज वाचत होते. माझा भाचा चंद्रपूरला डिप्लोमा मेकॅनिकल झाला यंदा, घरी बसून आहे. तुमच्याकडे पाठवू का? फी किती असते?


मनीषनगर_रिक्रूटर:

काकू, फी काहीच नाही, आम्ही कॅन्डिडेटकडून घेत नाही, अन दुसऱ्या कोणी मागितली तरी देऊ नका. जरूर पाठवा. पण आधीच सांगून ठेवते, फ्रेशर डिप्लोमासाठी आज माझ्याकडे फक्त एका वर्षाच्या अप्रेंटिसच्या जागा आहेत, बुटीबोरीत, तिन्ही शिफ्ट. पुढं कायम होईल की नाही ते कंपनीनं मला सांगितलेलं नाही. बस वर्धा रोडनं जाते, त्यामुळे खोली अजनी नाहीतर खामल्याच्या बाजूला घेतलेली बरी. त्याला हे वाचायला द्या अन त्याला स्वतःला वाटलं तर त्याच्याच फोनवरून मेसेज करू द्या, सोमवारी संध्याकाळी सहानंतर मी त्याच्याशी बोलते.